विस्तवावाचून

खांदा वर जात नाही आता, म्हणाली द्वारकाकाकू,
आणि खापर पालथं ठेवलं मोरीच्या भिंतीशी.
तसं ते पालथंच असतं म्हणा,
मांडे पालथ्या खापरावरच भाजतात.
पण हे पालथं वेगळं होतं.

चाळीस उन्हाळे सावद्यात ज्याच्या घरी लग्न
त्याच्या मांडवामागे ती.
पुरण भरलेली पोळी हातांवर घ्यायची,
झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरू द्यायची
आणि चादर अंथरावी तशी टाकायची खापरावर.
बघणारे म्हणत, किती सहज करते बाई.
तिनं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

मी केळी पिकवायच्या चेंबरवर हिशेब लिहितो.
स्वयंपाकातलं मला येतं ते चहा
आणि फौजदारी डाळ, तीही पातळ.
तरी वाटलं, काकूसाठी एकदा कुणी काही करावं.
भुसावळची भाची फोनवर म्हणाली,
मामा, चॉकलेट टार्ट कर, कुणालाही जमतो.
आणि दिसतो कसा?
मोठ्या हॉटेलातला.

ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे, पाट्यावर, वरवंट्याखाली.
शेजारून रत्नप्रभावहिनींनी विचारलं, ठेचा का हो?
मग त्यात लोणी, पातळ केलेलं.
ओल्या नदीतल्या वाळूसारखं व्हायला हवं, म्हणाली होती भाची.
आमच्या नदीचं नावच सुकी.
अंदाजानं केलं.
तळ निघणाऱ्या साच्यात
वाटीच्या बुडानं दाबत दाबत कडेपर्यंत नेलं,
एका बाजूनं जाड झालं, ते भिंतीकडे फिरवलं.

चॉकलेट दोनशे ग्रॅम, मलई तेवढीच.
गॅस पेटवणार होतो.
पण वैशाखातली दुपार, पारा चव्वेचाळीसवर;
पातेली झाकून गच्चीवर ठेवली,
लोणीही सकाळी तिथंच विरघळलं होतं.
वीस मिनिटांत काम झालं, चटका बसला तो जिन्यात, पायाला.
ढवळत राहिलो एकाच दिशेनं.
आधी फाटल्यासारखं दिसलं, पोटात धस्स झालं,
मग अचानक अशी चकाकी आली
की त्यात वरचा पंखा दिसला, फिरताना,
आणि मग हळूहळू थांबताना.

लाइट गेली.

भर दुपारी गेलेली लाइट कधी येणार
ते वायरमनही सांगत नाही.
फ्रीज म्हणजे नुसतं कपाट.
मग नितेशनं स्कूटर काढली,
मी मागे, मांडीवर टार्ट, वर ओला पंचा,
प्रत्येक गतिरोधकाला देवाचं नाव.
चेंबरला जनरेटर आहे. सोळा अंश.
हिरव्या घडांच्या क्रेटवर सपाट जागा पाहून ठेवला
आणि आवक-वहीत लिहिलं:
नग एक, केळी नव्हे.

संध्याकाळी काकूपुढे ठेवला, वर चिमूटभर खडेमीठ.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
कडेवरून अंगठा फिरवला,
जाड बाजू तिला बरोबर सापडली.
भाजला कशावर?
कशावरच नाही.
इस्तो?
लावलाच नाही.
सुरी पाण्यात बुडवून कापला.
खाल्ला. म्हणाली, केळीचा वास येतो.
येतो.
दुसरा तुकडा मागितला नाही, घेतला.
सोपं दिसतंय रे हे.
फार सोपं आहे, काकू.

तेवढ्यात दारात रत्नप्रभावहिनी, मागे गल्लीतल्या चौघी,
अगं बाई, हे घरी केलं?
काकूनं माझा हात दाबला, हळूच म्हणाली,
कोनाले सांगू नको.
आणि मग मोठ्यानं, पदर सावरून,
दोन दिवस लागले पोराले.
खांदा भरून येतो, म्हणाली.
कोपर भाजतं, रात्री झोप लागत नाही.
एक श्वास चुकला की मधोमध फाटतं
आणि लोक तर पंगतीत बसलेले असतात.
बघणाऱ्याला काय, सहज वाटतं.

मी मान डोलावत राहिलो.
टार्टचंच चाललं होतं.