वेशीवरचा आकडा

फेब्रुवारी आला की सेयफेत्तिन रंगाचा डबा घेऊन निघतो,
शहरांच्या वेशीवरची लोकसंख्या बदलायला.

अक्सराय वाढलंय. टपरीवाला चहाचे पैसे घेत नाही,
नव्या उड्डाणपुलाकडे असं बोट दाखवतो
जणू त्यानेच बांधला.
नेवशेहिरात मात्र पहिला प्रश्न:
"त्यांचं किती झालं?"
"विसरलो बुवा."
नखांत अजून तिथलाच पांढरा रंग.

योझगात शेवटी. आपलं गाव.
इथला वारा शिडीलाही टिकू देत नाही.
शेवटचा सात खरवडून
तीन करायचा आहे.
चार कमी.
लेक, जावई, दोन नातवंडं.
परवाच अक्सरायच्या पाटीवर
मोठ्या झोकात चढवली होती त्याने.

बायको विचारेल, झाली का पाटी?
थंडी आहे, म्हणेल तो,
सुकत नाही लवकर.