आठ ओळींचं पाणी

नासूफचे खोके मीच पोचवतो.
एका खोक्यात चाळीस रेकॉर्ड, असे सतरा.
मार्सेलच्या उत्तरेकडच्या चढावर व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये कण्हते,
मिस्त्राल वारा दार हातातून हिसकतो,
आणि प्रत्येक खोक्यावर छापलेलं: नववा मजला.

आमची लिफ्ट आठव्यापर्यंतच यायची.
त्याच्या वर पाण्याच्या टाक्यांची खोली.
तिथे चौघे, एक माइक,
माइकवर वाहेच्या बहिणीचा पायमोजा ताणलेला.
टाकी भरली की खळखळ थांबायची,
तेवढ्यात रॅप उरकायचा.
आमची पहिली कॅसेट कान देऊन ऐकलीत
तर तिसऱ्या गाण्याच्या शेवटी पाणी येतं.

चौघांत नाव एकच होतं.
करार झाला तो पॅरिसहून आलेल्या माणसाच्या
गाडीच्या बॉनेटवर.
बॉनेट गरम होतं, वाचायला उसंत कुणाला?
वाहेनं तेवढं विचारलं, "इथे ना?"
आणि सही ठोकली.

लोक विचारतात, भांडलात का?
भांडलो असतो तर बरं.
चूल वेगळी करताना माणसं भांडी तरी आपटतात.
नासूफ एका रात्री पेट्रोलपंपावर म्हणाला,
माझ्याकडे काहीतरी आहे, ते चौघांत मावत नाही.
मोक्रान चिप्स खात होता. खातच राहिला.
मी म्हणालो, बरं.
त्या एवढ्याशा 'बरं'ला अकरा वर्षं घासतोय,
तळ काही दिसत नाही.

त्याची एकट्याची पहिली रेकॉर्ड पडली.
दुसरी मी विकत घेतली, लांबच्या दुकानातून,
ओळखीचं कुणी नाही ना बघून.
तिच्यात टाकीवर एक ओळ होती.
चांगली होती. मेल्याची ओळ चांगली होती.

कोमोरोसच्या गावात मोठं लग्न लावून
मानाच्या रांगेत बसायचं, म्हणून
त्याच्या आईनं वीस वर्षं सोनं जमवलं होतं.
त्याचं छापखान्याचं बिल झालं.
वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही.
आता लेबलचे हिशेब तीच बघते,
आणि माझ्या डिझेलचे पैसे दोनदा मोजते.

मागच्या हिवाळ्यात गोदीजवळच्या हॉलमध्ये
त्यानं आमचं जुनं गाणं घेतलं.
मी मागच्या दाराशी खोके उतरवत होतो.
त्याच्या ओळी झाल्या. माझ्या आठ आल्या.
त्यानं त्या म्हटल्या नाहीत,
दुसऱ्या कुणाला म्हणूही दिल्या नाहीत.
ताल चालू, आणि तो बाटली उचलून
आठ ओळी पाणी प्यायला.
सावकाश.
लोकांना वाटलं, दमला.
माझे ओठ हलत होते, हातात खोका तसाच.

आज ऑफिसात एक पोरगी होती, झैनबा, एकोणीसची.
टेबलावर करार.
नासूफ म्हणाला, सगळा वाच.
ती वाचू लागली, ओळीवर बोट ठेवून,
आणि सातव्या कलमापाशी थांबली.
"हे मला पटत नाही."
तो खुर्चीत मागे रेलला,
आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर
पॅरिसचा तो माणूस येऊन बसला.
मी पाहिलं.
त्यानंही पाहिलं असावं, समोरच्या काचेत,
कारण उठून त्यानं खिडकीच उघडली.
वारा घुसला, कागद उडाले,
आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर, कलमं गोळा करत.

सातव्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.
तीनच्या आत गोदीवर परतायचं होतं.
पावती पुढे केली.
त्यानं सही केली, खाली मी:
अकरा वर्षांनी एका कागदावर दोघांची नावं.
गुलाबी प्रत त्याची, पांढरी माझी.
निघताना म्हणाला, सूले, लिफ्ट बंद आहे.
म्हटलं, सवय आहे.