तिची उजवी बाजू

धुळ्याची प्रयोगशाळा. पंखा गरम हवाच ढवळतोय.
ट्रेमध्ये डुकराचं पिल्लू उताणं,
पाय सुतळीनं चारी कोपऱ्यांना.

"पित्ताशय दाखवा," भारंबे मॅडम म्हणाल्या.
नऊ चिमटे उजवीकडे गेले.
"तुमची उजवी नाही रे. तिची उजवी."

पुस्तकात यकृत तांबडं, पित्ताशय पोपटी.
इथं फॉर्मालिननं सगळ्यांना
एकच मातकट रंग दिलेला.

मी चिमटा ठेवला, बोट घातलं.
बारीक जाळीची ती पाठ उचलली,
मधल्या पाळीखाली चिकटून होती
निंबोळीएवढी पिशवी.

"तुला कसं सापडलं गं?"
वाचलं होतं, मी म्हणाले.

वाचलं नव्हतं.
अमळनेरच्या दुकानात बाजाराच्या दिवशी
आबा बोकडाचं काळीज सोडवायचे,
पिशवीभोवती बोटभर काळीज मुद्दाम सोडून द्यायचे.
"फुटनं ते समदं कडू. धुईसन बी जात नई."
मी पाटी धरायचे.
मग राखेनं हात घासून शाळेत,
मराठीच्या तासाला.
तिथं काळीज म्हणजे हृदय.
आबांच्या तराजूत ते कधीच हृदय नव्हतं,
पावशेर, अर्धा किलो.

जर्नलमध्ये आकृती काढली, बाण काढले.
यकृत, असं लिहिलं. सुवाच्य.

रात्री फोन. "आज काय शिकनी?"
"कायीज."
पलीकडे सुरी धार लावायच्या दगडावर
दोनदा फिरल्याचा आवाज.
"ते तुले कव्हयनं येस."

हाताला अजून वास आहे.
राख इथं होस्टेलात मिळत नाही.