वर्णन अस्पष्ट

हिलालआप्पा पारोळ्याहून पहिल्या एसटीनं आले,
खोका मांडीवर, सुतळीला सात गाठी.
जळगावातलं आमचं दुकान दहाला उघडतं,
ते साडेआठपासून पायरीवर.

‘हॅम्बुर्गले धाडनं शे. पन पोरले समजाले नको.’
लेक बाळंत झालीय तिकडे. अचानक दार वाजावं,
एवढाच बेत.

मी म्हटलं, आप्पा, आधी गाठी सोडा.
माल मागून उडतो हल्ली, त्याची माहिती पुढे जाते,
पोरीआधी स्थळाकडे बायोडाटा जातो ना, तशी.
तिकडच्या कस्टमनं वाचून मान हलवली
तरच खोका विमानात चढतो.

‘खाऊ’ लिहिलं. यंत्रानं परत पाठवलं.
‘घरगुती वस्तू.’ परत.
तांबड्या अक्षरांत: वर्णन अस्पष्ट.
‘पापड’ लिहिताना आप्पा काउंटरवर वाकले:
‘पापड नही. बिबडा शे.’
बिबड्याला आकडा नाही हो, पापडाला आहे.
मग ते सांगत बसले, तीन दिवस भिजवलेली ज्वारी,
घाटा, तीळ, लसूण, मिरची,
ओल्या धोतरावर थापलेलं एकेक.
चौकटीत पस्तीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: पापड, ज्वारीचे, वाळवलेले.

वजन तीन किलो दोनशे.
किंमत? शून्य चालत नाही.
आप्पा बोटं मोजू लागले: चार बाया, दोन सकाळी,
आणि गच्चीवरचं ऊन.
‘उनना कितला धरू?’
शेवटी तीनशे.
मग तिचा पत्ता, पिनकोड, तिचा मोबाइल,
लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून आणलेला.

बटण दाबलं. चौकट हिरवी झाली.
आप्पांनी चहा सांगितला,
पिशवीतून एक बिबडा काढून माझ्या हातावर ठेवला.

चहा निवायच्या आत त्यांचा फोन वाजला.
‘आप्पा, बिबडा धाड्यात का?’
खोका अजून टेबलावर, उघडा.
आप्पांनी माझ्याकडे पाहिलं,
चहाडखोर भाच्याकडे बघावं तसं.
मग बाकावर सरकले, आवाज उतरला:
‘हां. लसून जास्त शे. हां. तो निजना का?’
पाऊण तास.

तोवर मी चिकटपट्टी मारली, खोका काट्यावर ठेवला.
तीन किलो एकशे ऐंशी.
माहिती तर समुद्रापार गेलेली.
चहाबरोबर संपलेला एक बिबडा
आता कुठल्या चौकटीत लिहू?