हिरव्या सालींचा महिना

सप्टेंबरात या गावात सगळ्यांचेच हात काळे असतात.
अक्रोडाची हिरवी साल सोलली की रस कातडीत उतरतो,
साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही,
ऑक्टोबर सरेपर्यंत वाट बघायची.
पोस्टातली वेरोनिका काळ्या बोटांनी शिक्के मारते,
पाद्री काळ्या बोटांनी आशीर्वाद देतो.

म्हणून दोरिनच्या बाई मला म्हणाल्या,
साल लागली असेल हो, पोरं हात तोंडाला पुसतातच.

म्हणाल्या खऱ्या,
पण फोन त्यांनीच केला होता.
लक्षात ठेव, कोर्नेलिया, तू नवीन आहेस:
‘काही नाही’ म्हणणाऱ्यानेच
आपल्याला बोलावलेलं असतं पुष्कळदा.

मी सायकल विहिरीच्या कठड्याला टेकवली.
मामाने वाइनचा जग पुढे केला, घरच्या द्राक्षांची.
मोल्दोवात ती नाकारणं म्हणजे
यजमानाच्या तोंडावर त्याचंच दार आपटणं.
मी नाकारली.
माझ्या आईला हे दुसऱ्या दिवशी बाजारात ऐकवलं गेलं.

साल कानामागे लागत नाही.
साल चार बोटांच्या मापाने, ओळीने उमटत नाही.
साल कडेकडेने पिवळी होत जात नाही.
हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं;
किशिनाऊच्या हॉटेलात तीन दिवस
जेवण चांगलं होतं, एवढंच आठवतं.

नऊ वर्षांचा दोरिन झाडाखाली बसला होता.
मी काही विचारलं नाही.
शेजारी बसून साली सोलायला लागले,
तो मोजत होता, मनात, ओठ हलवत.
माझी नखं काळी झाली, मग तळवे.
एकशे बाराव्या अक्रोडाला तो म्हणाला,
आईला सांगू नका.

त्याची आई बोलोन्यात एका परक्या म्हातारीला
दर दोन तासांनी कुशीवर वळवते,
पाठीला जखम होऊ नये म्हणून.
रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो.
फोन असा धरायचा की उजवा गालच दिसेल,
डावीकडे खिडकी, खिडकीत झळझळीत ऊन.
कोणी शिकवलं असेल एवढ्याशा पोराला
उजेडाचं हे गणित?

गावचा डॉक्टर मामाच्या वर्गातला.
मी दोरिनला चाळीस किलोमीटर लांब नेलं,
मिनीबसमध्ये, बटाट्यांच्या पोत्यावर बसवून.
डॉक्टरीणबाईने पट्टीने डाग मोजले.
कागदावर ‘रंग’ असा एक रकाना होता,
त्यात तिने तीन रंग लिहिले
आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली.

परतीच्या वाटेवर,
म्हणजे परत न जाण्याच्या वाटेवर,
त्याने एकच प्रश्न विचारला:
बदकांना कोण घालणार?

मी घालेन, म्हटलं.
बोलून गेले. मग काय करणार.
रोज पहाटे सहाला निळ्या फाटकापाशी
मक्याच्या दाण्यांची बादली घेऊन मी,
आणि पडद्याआड उभा मामा,
ज्याची तारीख अजून लागायची होती.
तो काही बोलला नाही. बदकंच काय ती ओरडायची.

आता तो शेजारच्या गावात आग्रिपिनाकडे असतो.
सगळं नीट झालं असं समजू नकोस.
मागच्या महिन्यात त्याने एका लहान मुलाला
चार बोटांचा मार दिला, अगदी त्याच मापाचा.
त्या रात्री आग्रिपिनाने त्याच्या खोलीचं दार
उघडं ठेवलं, आणि बाहेर
उंबऱ्याशी स्टूल टाकून मोजे विणत बसली.
तिलाही कोणी शिकवलं नव्हतं.

आईला मीच सांगितलं शेवटी.
पलीकडे बराच वेळ
फक्त त्या म्हातारीचं खोकणं ऐकू येत होतं.

माझे हात नोव्हेंबरात स्वच्छ झाले.

दर गुरुवारी मी जाते. तो आधी बूट बघतो माझे,
चिखल कुठल्या गावचा ते,
आणि मग विचारतो, बदकं किती?
नाताळात मामाने दोन कापली.
सात, मी म्हणते.
मुलांशी कधीही खोटं बोलायचं नाही,
हे तुला मीच शिकवणार आहे,
सोमवारी, सकाळी नऊला.