शिकलगाराची पावती

चंपाक्का, तुम्ही बसलात त्या खुर्चीचा एक पाय हलतो,
सांगायचं राहिलं.
इलेक्शन लागलं की कॅम्पातल्या माझ्या खोलीत
हलशी, नंदगड, पार संकेश्वराहून हत्यारं येतात,
ठाण्यात जमा व्हायच्या आधी
थेंबभर तेल मागायला.

तुमचं बत्तीस बोअरचं वेब्ली, माझ्या आजोबाच्या वयाचं.
"अडकतंय बघा," म्हणालात.
मुठीची उजवी फळी काढली.
आत चिमट्यासारखी स्प्रिंग, दमलेली,
पण धरून होती.
नळी उजेडाला लावली आणि थांबलो.
आटे कोरे, कालच पाडल्यासारखे.
काडतूस ओढणारी नखी धारदार,
मागं पितळेचा डागसुद्धा नाही.
हे झाडलेलंच नाही, अक्का.
फार तर पाच-सहा गोळ्या, त्याही घेतेवेळी.

मग झिजलं काय?
पिनीचं टोक तुटलेलं. घोड्याची खाच
गुळगुळीत, सरत आलेल्या साबणासारखी.
रिकामं ओढून ओढून होतं असं.
एक-दोनदा नव्हे. रोज, कित्येक वर्षं.

"रात्री माडीवरनं टक् यायचं," म्हणालात,
"मला वाटायचं, मालक सुपारी कातरतात की."
मी फडक्यानं बोटं पुसत राहिलो.
थोड्या वेळानं तुम्हीच:
"सुपारी तर त्यांनी पंच्याऐंशी साली सोडली."

मुठीच्या मागच्या कडेची निळाई
चार जागी उडालीय. चार बोटांएवढी.
तिथं तळहात टेकतो, अक्का. बोटं नव्हेत.
अंगठा कुठं होता ते चापावर दिसतं.
पलटणीत बावीस वर्षं आर्मरर होतो मी,
पिस्तूल असं उलटं कोण धरतं, कुणाकडं,
मला कळतं.
पावतीला त्याचा रकाना नाही.

ठाण्यात कन्नडातनं लिहून लागतं.
लिहिलं: नळी उत्तम, खाच झिजलेली, पिन तुटकी.
पिनीला कन्नडातही पिनच.
"नवी बसवू?" म्हटलं. तुम्ही भलतंच विचारलंत:
"तुटली कधी, ते कळतं?"
तारीख नाही कळत.
पण तुटल्या जागी गंज होता, खोल, जुना.
गोळी भरली असती तरी
दहा-बारा वर्षं ती उडाली नसती.

"टक् तर शिमग्यापर्यंत येत होतं,"
म्हणालात, आणि पिशवीचा बंद
दोनदा बांधलात.

पिन बसवली नाही.
तेलाचे साठ रुपये झाले.