समुपदेशन केले

भाजी आमच्या वस्तीवरून दोनदा जाते.
एकदा पहाटे चारला, ट्रकमधून,
रिंग रोडनं कळमन्याकडे, ताडपत्रीखाली ओली;
मेथीचा वास तेवढा खाली उतरतो.
आणि आठवड्यानं परत येते
कचऱ्याच्या गाडीतून, भांडेवाडीच्या ढिगावर,
कोबीची पानं, काळी पडलेली वांगी.
वास तेव्हाही उतरतो.

मधले दिवस ती कोणाच्या घरी काढते
ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी आशा वर्कर. पिशवीत वही, सुया, पट्ट्या, मशीन.
पंचफुला हेडाऊचं बोट टोचलं :
दोनशे बेचाळीस.
पुस्तिका उघडून दाखवलं सात रंगांचं ताट.
तिनं टोचलेलंच बोट चित्रावर ठेवलं,
"हे हिरवं झाड कायचं वो बाई?"
ब्रोकोली.
मीही कधी खाल्ली नाही.
रकान्यात लिहिलं : आहाराबाबत समुपदेशन केले.
नऊ वर्षं हेच लिहिते आहे, त्याच अक्षरात.

त्या दिवशी तिनं ओट्यावर
काडेपेटीतल्या काड्या मांडल्या.
"बजारात जाचे वीस, याचे वीस.
धा रुपयाचा सांभार आणाले चाळीस रुपये भाडं,
आन् अर्धा रोज बुडते तो येगळा.
आता तूच सांग,
पालक खाऊ का आटो खाऊ?"

मी पुस्तिका मिटली.

कोपऱ्यावर डोमाजीचं किराणा.
पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा इतक्या
की डोमाजी दिसत नाही, हात तेवढा बाहेर येतो.
डोमाजी वाईट माणूस नाही.
मे महिन्यात पत्र्याखाली
पालक दोन तासांत मान टाकतो,
पुडी सहा महिने फुगून बसते.
फ्रिज आहे, पण कंपनीनं दिलेला,
त्यात कंपनीच्याच बाटल्या ठेवायच्या असतात.

मग इस्तियाकची ई-रिक्षा.
सातला शाळेची पोरं पोचवतो, त्याआधी रिकामाच.
चौदा बायकांनी शंभर-शंभर काढले, कुरकुरत.
माल घ्यायला कोण जाईल यावर भांडण झालं
आणि दुर्पता वासनिकवर येऊन थांबलं.
ती ढिगावर प्लास्टिक वेचते, वीस वर्षं.
भाजी कुठून सडायला लागते
हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

कळमन्यात म्हणे तिनं एका अडत्याचं
अख्खं पोतं उलटं केलं.
"वरचे तू खाय, खालचे मी पाहिले."

पहिल्या खेपेला आले ढेमसे, चवळीच्या शेंगा,
चुका, आणि एक कॅरेट भेदरं.
पोरांनी एका ढेमशाचा चेंडू केला,
दुर्पतानं पाठीत धपाटा घातला,
चेंडू धुतला,
परत तराजूत टाकला.
साडेसातला गोणपाट रिकामं.
कोणाच्या तरी घरातून लसणाची फोडणी,
मग शेजारून, मग पलीकडून,
ढिगाचा वास अर्धा तास ऐकू आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाहिलं,
डोमाजीच्या फ्रिजात काळ्या बाटल्यांमागे
ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन जुड्या.
"कंपनीवाला बुधवारी येते,"
तो हळूच म्हणाला, "मंगळवारी काढून घेतो."

पंचफुलाचं बोट परत टोचलं : दोनशे एकतीस.
अकरा कमी. ते चवळीमुळे की मशीनमुळे
मला सांगता यायचं नाही.
रकान्यात मी लिहिलं : ढेमसे, अर्धा किलो, खाल्ले.
वरून शेरा आला, लाल शाईत :
विहित नमुन्यात लिहावे.

गेल्या शनिवारी बॅटरी बसली, गाडी आलीच नाही.
आठला माझ्या दारात सात-आठ जणी,
पदर खोचलेल्या, पंचफुला सगळ्यांत पुढे :
"भाजी कावून नाई आली?"

नऊ वर्षांत
पहिल्यांदा कोणी मला हे विचारत होतं,
आणि तेही असं, भांडायला आल्यासारखं.
मी चप्पल घातली.